मदत हवी आहे : ४५ हजारांचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाताने बांधलेल्या ३ लाखांच्या ॲम्प्लिफायरची बरोबरी करू शकेल का?

तानपुरावाला
नमस्कार. प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही लवकर हवे आहे, कारण विक्रेत्याने दिलेली सवलत रविवारी संपते. गेल्या महिन्यात एका परिचितांकडे ३००बी जातीच्या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असे त्या काचेच्या निर्वात नळीचा), हाताने बांधलेला ॲम्प्लिफायर ऐकला. मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावली होती आणि मागचे दोन तानपुरे वेगवेगळे ऐकू येत होते. माझ्या घरी तीच रेकॉर्ड लावली की दोन्हींचा मिळून एकच गुंजारव होतो. तो बांधणारे गृहस्थ तसाच दुसरा ३ लाखांत करून देतात, पण सहा महिने थांबावे लागते. इकडे चार ईएल३४ व्हॉल्व्ह असलेला चिनी बनावटीचा ॲम्प्लिफायर मला ४५ हजारांत मिळतो आहे. शेवटी व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्हच. बरोबरी होईल की नाही, एवढेच कृपया सांगावे.

ओहमचा_नियम
तेवढेच सांगणे शक्य नाही. आपले स्पीकर कोणते, त्यांची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज निघतो ते) किती डेसिबल, इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) किती ओहम आणि खोली केवढी? शिवाय त्या परिचितांकडे कोणते स्पीकर होते, हे आपण लिहिलेलेच नाही.

तानपुरावाला
माझे स्पीकर चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न ॲम्प्लिफायरचा आहे.

ठाणेकरीण
मी असाच स्वस्तातला ॲम्प्लिफायर तीन वर्षे वापरते आहे, म्हणून दोन गोष्टी अनुभवाने सांगते. पहिली गोष्ट म्हणजे, तो खरोखर व्हॉल्व्हवर चालतो का, हे आधी पाहून घ्यावे. बाजारात अशाही पेट्या आहेत ज्यांच्या दर्शनी भागात दोन छोटे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्याखाली नारिंगी एलईडी लावून ते तापल्याचा देखावा केलेला असतो, आणि स्पीकरला लागणारी सगळी शक्ती आतली क्लास-डी जातीची ट्रान्झिस्टरची चिप पुरवत असते. आपल्या यंत्रात चार ईएल३४ आहेत म्हणजे ते तसे नसावे, तरीही ते उचलून पाहावे. एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र एका हाताने सहज उचलता येत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. माझे यंत्र २२० व्होल्टसाठी बनलेले होते आणि आमच्याकडे रात्री उशिरा २४५ व्होल्टपर्यंत दाब चढतो. म्हणजे ६.३ व्होल्टवर तापायला हवा तो फिलॅमेंट ७ व्होल्टवर तापत होता, आणि आतला ४३० व्होल्टचा डीसी ४८० च्या घरात जात होता, तर कपॅसिटरवर कमाल ४५० व्होल्ट छापलेले होते. आठव्या महिन्यात तो फुगला. ज्यांच्याकडून यंत्र घेतले, त्यांनी 'तुमच्या विजेचा दोष' असे सांगून हात झटकले. नवा कपॅसिटर टाकून घेतला आणि दाब कमी करणारा ऑटोट्रान्सफॉर्मर लावला. त्यानंतर आजपर्यंत काही बिघडलेले नाही.

जुना_रेडिओवाला
ताईंनी कंडेन्सरचे, म्हणजे कपॅसिटरचे, अगदी योग्य सांगितले. मात्र 'व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्हच' हे वाक्य मान्य करता येत नाही, कारण पैसा व्हॉल्व्हमध्ये नसतोच, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. व्हॉल्व्हला समोर काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो चार किंवा आठ ओहमचा. हे लग्न ट्रान्सफॉर्मर जमवतो. खर्जाचे सूर नीट यायचे तर लोखंडी गाभा मोठा आणि तारेचे वेढे पुष्कळ हवेत. वेढे वाढवले की वरचे बारीक सूर मरू लागतात, म्हणून प्रायमरी (व्हॉल्व्हकडच्या) आणि सेकंडरी (स्पीकरकडच्या) वेढ्यांचे थर एकाआड एक गुंडाळावे लागतात, प्रत्येक थरात कागद घालावा लागतो, आणि यात माणसाचा दिवस जातो. स्वस्त यंत्रात हलके स्टॅम्पिंग (गाभ्याचे पत्रे) वापरतात आणि थर कमी करतात. बाहेरून पाहिले तर काळा रंग दिलेला डबा तोच दिसतो.

यात गुपित काहीच नाही. विल्यमसन यांनी १९४७ साली इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपल्या ॲम्प्लिफायरचा नकाशा छापला, तेव्हा ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा हेही त्यात दिले होते. मलार्ड कंपनीचा ५-१० हा ॲम्प्लिफायर तर पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट अशा नावानेच प्रसिद्ध होता. मी म्हणतो, दोन्ही पर्याय सोडा आणि स्वतः बांधा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बेंगळुरूला १९६१ पासून व्हॉल्व्ह काढले, त्यांचे ईसीसी८३ जातीचे छोटे व्हॉल्व्ह माझ्याकडे अजून खोक्यात आहेत आणि ते आजच्या नव्या व्हॉल्व्हपेक्षा सरस वाजतात.

निर्वात_नको
काका, माणूस रविवारपर्यंत निर्णय मागतो आहे आणि आपण त्याला ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला बसवता आहात. ४०० व्होल्टचा डीसी उघड्यावर हाताळण्याचा सल्ला नवख्याला देऊ नये. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये मारक विद्युतभार शिल्लक राहतो.

माझे मत असे, की दोन्ही घेऊ नयेत. अमेरिकेतील बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले, की तुमच्या पसंतीच्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखाच आवाज मी माझ्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. संपादकांनी निवडलेला ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता. कार्व्हर यांनी आपला ॲम्प्लिफायर जुळवून दाखवला आणि शेवटी संपादकांना दोहोंत फरक करता आला नाही. मग ३ लाख कशासाठी?

जुना_रेडिओवाला
मग हेही सांगा, की कार्व्हर यांना आपल्या यंत्रात फेरफार करावे लागले. फेरफार करावे लागले याचा अर्थ आधी फरक होता, आणि तो मोजता येण्याजोगा होता. आपले उदाहरण माझीच बाजू मांडते. आणि स्वतः बांधताना चटका बसतो, हे मला चाळीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर कोणी शिकवू नये.

सुईचा_डॉक्टर
मूळ लेखकांनी रेकॉर्ड प्लेअरची सुई शेवटची केव्हा बदलली? झिजलेल्या सुईने तानपुरा सर्वांत आधी बिघडतो. सुईवर वजन किती ग्रॅम ठेवले आहे?

तानपुरावाला
सुई मार्चमध्ये बदलली आहे. कृपया विषयावर राहावे. कोणी दोन्ही प्रकार शेजारी ठेवून ऐकले आहेत का?

ओहमचा_नियम
ऐकले आहेत, पण त्याआधी तुलनेतला एक घोटाळा दूर करायला हवा. आपण स्वस्त आणि महाग यांची तुलना करत नसून दोन वेगळ्या जातींची तुलना करत आहात. ३००बीचा तो ॲम्प्लिफायर बहुधा सिंगल-एंडेड (एकेरी रचनेचा) असेल, म्हणजे प्रत्येक चॅनेलला एकच व्हॉल्व्ह आणि सुमारे ८ वॅट. चार ईएल३४ म्हणजे पुश-पुल, प्रत्येक चॅनेलला दोन व्हॉल्व्ह आणि सुमारे ३५ वॅट.

एकेरी रचनेत आवाजाची जी विकृती उरते तिच्यात दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा स्वरांश) ठळक असतो. गवयाने मध्य षड्ज लावला तर दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, आणि तो कानाला खुपत नाही, उलट सूर भरल्यासारखा वाटतो. पुश-पुल रचनेत आउटपुट व्हॉल्व्हचे सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारून टाकतात आणि मुख्यतः तिसरा उरतो, म्हणजे तार सप्तकातला पंचम. तानपुऱ्याच्या जवारीत (तारांच्या झणकारात) हे सगळे स्वरांश आधीच असल्यामुळे तिथे ॲम्प्लिफायरने घातलेली भर ओळखणे अवघड जाते, आणि अनेकांना ती भर म्हणजेच 'उलगडलेला' आवाज वाटते. मला स्वतःला तो आवाज आवडतो, पण तो रेकॉर्डवर असतोच असे नाही.

काकांच्या ट्रान्सफॉर्मरच्या मुद्द्याला एक जोड देतो. एकेरी रचनेत व्हॉल्व्हचा डीसी प्रवाह थेट प्रायमरीतून वाहतो, म्हणून गाभ्यात फट ठेवावी लागते आणि गाभा आणखी मोठा करावा लागतो. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांना तोलतात, त्यामुळे लहान गाभ्यावरही काम बरे होते. म्हणून स्वस्तातला ३००बी घेण्यात मोठी फसगत आहे आणि स्वस्तातल्या पुश-पुल ईएल३४ मध्ये ती कमी आहे. जुन्या व्हॉल्व्हबद्दल मात्र काकांशी असहमत आहे. ईसीसी८३ बदलून पडणारा फरक स्पीकर बदलून पडणाऱ्या फरकाच्या पासंगालाही पुरत नाही. आता तरी स्पीकरचे आकडे द्यावेत.

तानपुरावाला
मागचे लेबल पाहिले. ८६ डेसिबल, ४ ओहम. खोली दहा बाय बारा. परिचितांना फोन केला, त्यांचे हॉर्नचे (भोंग्याच्या आकाराचे) स्पीकर आहेत, जवळजवळ छातीइतके उंच, ९८ डेसिबलचे. हे एवढे महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

ओहमचा_नियम
सगळे उत्तर यातच आहे. दोन्ही स्पीकरमध्ये १२ डेसिबलचे अंतर आहे आणि दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते. म्हणजे त्यांच्या स्पीकरला जो आवाज काढायला १ वॅट पुरतो, तोच काढायला आपल्या स्पीकरला १६ वॅट लागतील, आणि ३००बीकडे आहेत आठ. मन्सूरांची तान जोरात आली की तो ॲम्प्लिफायर आपल्या घरी दबेल. त्यातच अशा यंत्रात निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा अंश उलटा करून आत देणे) कमी किंवा अजिबात नसतो, त्यामुळे त्याचा आउटपुट इंपीडन्स जास्त असतो, आणि ४ ओहमचा स्पीकर त्यावर जोडला की स्पीकरच्या इंपीडन्सच्या चढउतारांप्रमाणे आवाजही वरखाली होतो. आपल्या स्पीकरवर ४५ हजारांचा ॲम्प्लिफायर ३ लाखांच्या यंत्राची नुसती बरोबरी करणार नाही, तो अधिक बरा वाजण्याची शक्यता आहे. त्यांच्या हॉर्नवर मात्र पारडे उलटे फिरेल. आपण ऐकलेले दोन तानपुरे किती प्रमाणात ॲम्प्लिफायरचे होते आणि किती हॉर्नचे, हे आपले स्पीकर त्यांच्याकडे नेऊन लावल्याशिवाय कळणार नाही.

निर्वात_नको
आणि तिथेच एखादा साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायरही लावून पाहावा, आवाजाची पातळी मल्टिमीटरने सारखी करून. जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

जुना_रेडिओवाला
या एका गोष्टीवर आमचे एकमत आहे, याची नोंद घ्यावी.

तानपुरावाला
परिचित शनिवारी सकाळी या म्हणाले. स्पीकर रिक्षातून नेतो. त्यांच्या यंत्रामागे ०, ४, ८ असे स्क्रू आहेत. तारा कुठे जोडू?

जुना_रेडिओवाला
०ला काळी आणि ४ला लाल. यंत्र चालू असताना स्पीकरची तार काढू नका. भार नसताना जोराचा सूर आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आतले इन्सुलेशन फुटते, आणि तो दुसऱ्याच्या घरचा तीन लाखांचा ऐवज आहे.

ठाणेकरीण
तोवर विक्रेत्याला एवढे विचारून ठेवावे, की पॉवर ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० व्होल्टचा टॅप (त्या दाबासाठीची वेगळी जोडणी) आहे का.

तानपुरावाला
विचारले. 'सगळीकडे चालतो' असे उत्तर आले.

ठाणेकरीण
हे उत्तर नव्हे. मागच्या पत्र्यावर छापलेल्या आकड्यांचा फोटो मागवा.