आकाशवाणी आतून बघायची आहे, परवानगी कशी मिळते? (तातडीचं)

सड्यावरचा: मंडळी, गाडी ठरलीय, गुरुवारी निघायचंय. ओळखीच्या एकाने "बघतो, बघतो" करत आठवडा घालवला. नुसती इमारत नकोय, स्टुडिओ, कंट्रोल रूम, निवेदक बसतात ती जागा, सगळं बघायचंय. पत्र कुणाच्या नावे द्यायचं? लवकर सांगा.

काजूबोंड: कुठलं केंद्र? मुंबई की रत्नागिरी? आणि माणसं किती?

सड्यावरचा: रत्नागिरीच हो, आमच्याकडे तेच लागतं. 36 जण.

गुहागरी: नैमित्तिक निवेदक व्हायचं असेल तर आधी लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. ळ आणि ण स्वच्छ हवेत. माझ्या भाचीने रोज पेपर मोठ्याने वाचून तयारी केली होती.

काजूबोंड: अहो, त्यांना बघायला जायचंय, नोकरीला नाही. सड्यावरचा, 36 कोण? भजनी मंडळ?

सड्यावरचा: चौथीची 34 पोरं आणि आम्ही दोघे शिक्षक. जिल्हा परिषद शाळा.

जुनी_फीत: मास्तर, हे आधी सांगायचंत ना! शाळेच्या लेटरहेडवर आकाशवाणीच्या केंद्रप्रमुखांच्या नावे पत्र, सोबत मुलांची यादी आणि तुमची ओळखपत्रं. 34 मुलं एकदम आत घेणार नाहीत, गट पाडा.
आम्ही जाखडीच्या ध्वनिमुद्रणाला गेलो होतो, तेव्हाचं सांगतो. एकामागे एक दोन जाड दारं. दुसरं मिटलं की कानात दडा बसल्यासारखं होतं. भिंतीला बारीक भोकांच्या फळ्या, टाळी वाजवली तर तिथल्या तिथे विरते. अंगणात नाचणारी आमची माणसं तिथे बावरली. मृदंग शाहिराचा आवाज खाऊन टाकत होता, म्हणून मृदंगवाल्याला पार कोपऱ्यात बसवला. मध्येच एकजण खोकला. काचेपलीकडच्या साहेबांनी फीत हाताने मागेपुढे फिरवून खोकला शोधला, ब्लेडने तिरका कापला आणि टोकं चिकटवली. फीत सेकंदाला साडेसात इंच पळायची, म्हणजे एक खोकला जवळजवळ वीतभर! आता ते काम संगणकावर होतं, पण पोरांना ही गोष्ट जरूर सांगा.

मिडियमवेव्ह: स्टुडिओत काय बघायचंय, चार भिंती आणि माइक. खरी करामत प्रक्षेपकाची. रत्नागिरी 1143 किलोहर्ट्झवर, म्हणजे एक लहर सुमारे 262 मीटर लांब. म्हणून तर एवढा उंच मनोरा लागतो. पोरांना तो दाखवा.

जुनी_फीत: लहान पोरं आणि मनोरा? मिडियम वेव्हला अख्खा मनोराच अँटेना असतो, त्यात वीज खेळते. कुंपणाआत कुणी सोडत नाही.

मिडियमवेव्ह: कुंपणाबाहेरूनच म्हणतोय मी. आवाज घरी पोचतो कसा, हे नको का कळायला?

लाटेवरची: एवढा खर्च कशाला? मोबाइलवर वर्गातच बातम्या ध्वनिमुद्रित करा. आम्ही केलं, मुलं खूश.

सड्यावरचा: ते दिवाळीआधीच झालं, त्यातूनच हे निघालं. वर्गात एक मुलगी आहे, तिचे वडील तांडेल. बोट समुद्रात असली की आजी रेडिओ बंद करू देत नाही. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" ऐकलं की घरात कुणी जेवत नाही. तिने विचारलं, "गुरुजी, हे सांगणाऱ्या बाई कुठे बसतात? त्यांना आधी कसं कळतं?" इशारा हवामान खात्याकडून येतो एवढं मी सांगितलं. पण तिला त्या बाईंना बघायचंय. मलाही तिला ते दाखवायचंच आहे.

काजूबोंड: मग हे पत्रात लिहा, मास्तर. अगदी असंच.

गुहागरी: थिबा पॅलेसपण करा. ब्रह्मदेशचा राजा, 1910 चा वाडा, 1916 साली तो इथेच वारला.

जुनी_फीत: गुहागरींचं या बाबतीत ऐका. 17 मुलं स्टुडिओत, तेव्हा 17 थिबा पॅलेसला, मग अदलाबदल. पण गुरुवार विसरा. आज पत्र आणि परवा गाडी असं जमत नाही.

सड्यावरचा: गाडीवाल्याशी बोललो, पुढच्या गुरुवारी यायला तयार आहे. पत्र लिहून झालं, उद्या पहिल्या एसटीने स्वतः घेऊन जातो.

काजूबोंड: दोन प्रती न्या. एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या.