बॉल पायथनला महागडी गुहा कशाला?
बॉल पायथनला, म्हणजे पाळीव अजगराला, लपायला दुकानातली रेझिनची गुहा घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. कुंडीखालची मातीची थाळी पालथी घाला आणि कड कानशीने घासून दार करा. जागा मात्र अंगासरशी हवी. वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतींना टेकल्या की त्याला सुरक्षित वाटतं. ऐसपैस जागेत तो बुजून खाणंही सोडू शकतो. थाळ्या दोन ठेवा, एक त्याच्या टाकीच्या उबदार बाजूला, एक थंड बाजूला. नाहीतर लपायचं की ऊब घ्यायची, यातलं एकच त्याला जमतं. दार ऐसपैस करा, जेवल्यावर त्याचं पोट चांगलंच फुगलेलं असतं. आणि चिकटपट्टी टाकीच्या आत कुठेच लावू नका, कृपा करून! खवल्यांना चिकटली तर कातडी सोलून निघते.