मदत हवी आहे: लॅब रिपोर्टात किती ठामपणे लिहायचं?

नमस्कार मंडळी, मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठीतून झाली, आता सगळं इंग्लिशमधून आहे. लेक्चर बऱ्यापैकी कळतं. ऑस्मोसिस, कॅटॅलिस्ट असल्या शब्दांना अडत नाही कारण ते पुस्तकात समजावून दिलेले असतात, अडतं ते व्हेअरॅज (याउलट), हेन्स (म्हणून) अशा बारक्या शब्दांना, ते कोणी शिकवत नाही आणि अख्खं वाक्य त्यांच्यावरच फिरतं. परवा सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचा असं धरून वाचत गेले आणि पूर्ण परिच्छेद उलटा समजला, तिथे संख्याशास्त्रातला अर्थ होता, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडणं अवघड.

पण खरी अडचण लिहिण्याची. एन्झाइमच्या रिपोर्टात मी लिहिलं 'धिस प्रूव्ह्ज दॅट', तर सरांनी प्रूव्ह्जवर लाल रेघ मारून वर सजेस्ट्स (म्हणजे तसं दिसतं, इतकंच) लिहिलं आणि समासात, 'रीडिंग तीनच, मग सिद्ध कसं झालं?' पुढच्या रिपोर्टात घाबरून सगळीकडे मे आणि माइट घातलं तर शेरा आला, 'स्पष्ट लिहा'. मग नेमकं लिहायचं तरी कसं? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, पुढचा रिपोर्ट सोमवारी द्यायचाय.

प्रतिसाद १:
अगं, ती लाल रेघ तुझ्या इंग्लिशवर नाहीये, दाव्यावर आहे. जे मोजलंस ते ठाम लिही, तापमान वाढवलं आणि वेग वाढला, इतक्याने वाढला, साधा भूतकाळ, तिथे मे-बिचं काही नको. ते का झालं हे सांगायला लागलीस की सजेस्ट्स, इंडिकेट्स, मे बी ड्यू टू. म्हणजे रिझल्ट्समध्ये ठाम आणि डिस्कशनमध्ये जपून, मला हे कळायला दोन वर्षं गेली. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा 'नेचर'मधला पेपर बघ, जेमतेम पानभर आहे आणि सुरुवातच 'वुई विश टू सजेस्ट' अशी आहे, एवढा मोठा शोध लावून!

शब्दांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट घे. अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची ती यादी, ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक) आहेत, तुझे व्हेअरॅज, हेन्स, सिग्निफिकंट तिन्ही त्यात सापडतील. पाठ करत बसू नकोस, पेपर वाचताना शब्द भेटला की ते पूर्ण वाक्य वहीत उतरव. आणि मँचेस्टर युनिव्हर्सिटीची अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक नेटवर आहे, तुलना कशी मांडायची, मर्यादा कशा सांगायच्या, सगळ्याचे तयार साचे मिळतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, आत्ताच जुना रिपोर्ट काढून बघितला, रिझल्ट्समध्येच चार ठिकाणी मे घातलं होतं! फक्त एक, त्या वॉटसन-क्रिकच्या वाक्यात वुई आहे ना, आम्हाला तर 'द सोल्यूशन वॉज हीटेड' असं पॅसिव्हमध्येच लिहायला सांगितलंय. मग डिस्कशनमध्ये वुई चालेल का?