परदेशी फुटबॉलपटूंमुळे इंग्लंडची पोरं मागे पडतात का?

लेफ्टबॅक
परवा कट्ट्यावर यावरून चांगलंच वाजलं, म्हणून धागा काढतोय. २६ डिसेंबर १९९९ ला लंडनच्या चेल्सी क्लबने साउदॅम्प्टनविरुद्ध अकराच्या अकरा परदेशी उतरवले. २००५ मध्ये आर्सेनलने त्यावर कडी केली. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध बाकावरचे धरून १६ जणांत एकही इंग्लिश नाही! (५-१ ने जिंकले, मान्य.) मग नोव्हेंबर २००७, घरच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडची क्रोएशियाकडून २-३ हार आणि युरो २००८ घरी बसून बघायची पाळी. बाहेरचा आला की घरचा बाकावर जाणार, त्याला गणित कशाला यायला हवं? आयपीएलसारखी चारची मर्यादा घाला.

बाकावरचा
२००७ चं रडगाणं अजून किती वर्षं? १९७४ आणि १९७८ च्या वर्ल्डकपला इंग्लंड पात्रच ठरलं नव्हतं. तेव्हा कुठले परदेशी आडवे आले? अर्जेंटिनाचा आर्दिलेस टॉटनहॅम क्लबात आला तोच मुळी ७८ चा वर्ल्डकप झाल्यावर.

मडगावकर
ऑक्टोबर २०१७ ला मी फातोर्ड्याच्या स्टेडियमात होतो. सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड ४, अमेरिका १, आपल्या... म्हणजे इंग्लंडच्या ब्रूस्टरची हॅटट्रिक. पुढे कोलकात्यात अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध ०-२ वरून ५-२. फोडेन, गेही, गॅलघर, सगळे त्याच संघातले. प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल साखळी) परदेशी खेळाडूंनी भरलेली असतानाच ही पोरं घडली ना? २०१२ पासून अकादम्यांवर पैसा ओतला, त्याचं फळ ते.

लेफ्टबॅक
ब्रूस्टरचंच घ्या. आठ गोल, स्पर्धेत सर्वाधिक. पण लिव्हरपूलकडून प्रीमियर लीगचा एकही सामना नशिबी आला नाही. त्याच्या पुढे सालाह, माने, फिर्मिनो, तिघंही परदेशी. त्याच संघातला सांचो शहाणा, २०१७ लाच जर्मनीतलं डॉर्टमुंड गाठलं. बेलिंगहॅमही २०२० ला तिकडेच गेला. पोरं चांगली असून खेळायला परदेशी जातात, हेच तर म्हणतोय मी.

बाकावरचा
आणि शेफील्ड युनायटेडने ब्रूस्टरला घेतल्यावर? प्रीमियर लीगच्या पहिल्या मोसमात गोलांचा भोपळा. तिथे सालाह नव्हता.

वहीखाते
दोघंही मैदानावरच भांडताय, जरा हिशेबाची वही उघडा. अकादमीतलं पोर विकलं की जवळपास सगळी रक्कम नफ्यात धरली जाते, कारण त्याची खरेदी किंमत शून्य. म्हणून चेल्सीने आपल्या अकादमीतला माउंट विकला, गॅलघर विकला. शिवाय २०१० पासूनचा ‘होमग्रोन’ नियम (संघात ‘बाहेरच्यां’ना मर्यादा) पारपत्र बघत नाही. २१ वर्षांचा होण्याआधी तीन मोसम इंग्लंड-वेल्सच्या क्लबात काढले की झालं. स्पॅनिश फाब्रेगास त्यात बसला. ब्रेक्झिटनंतर मात्र १८ खालचा परदेशी पोरगा घेताच येत नाही, त्यामुळे अकादमीतली ती गर्दी आता ओसरली.

मडगावकर
+१. वर शिकवणारेही बाहेरचेच. मँचेस्टर युनायटेडचा फ्रेंच कॅन्टोना सराव संपल्यावरही जादा सरावाला थांबायचा, ते बघून बेकहॅम-नेव्हिलची पोरसवदा फळी थांबायला लागली.

लेफ्टबॅक
कॅन्टोना एखादाच हो. बाकी भरती सुमारच. इंग्लंडच्या केनला बघा, ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असा चार क्लबांत उसना फिरला.

बाकावरचा
केनचं काढलंत ते बरं केलंत. २०१३ च्या (प्रीमियर लीगमध्ये बढतीसाठीच्या) प्लेऑफमधला लेस्टरच्या बाकाचा फोटो शोधा. केन आणि पुढे इंग्लंडकडून खेळलेला वार्डी शेजारी शेजारी बसलेत. पुढे खेळणाऱ्यांत नुजंट होता, तो लिव्हरपूलजवळच्या गावचा, म्हणजे इंग्लिशच.