बीएएमएस आहे, सीएचओ म्हणून काम करते, साथरोगशास्त्रात जाता येईल का? गणित कच्चं आहे

जिंतूरची_सीएचओ
नमस्कार मंडळी. बीएएमएस होऊन ३ वर्षं झाली, सध्या जिंतूर तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कंत्राटीच. ओपीडी, बीपी-शुगर, ऑनलाइन एंट्री, मिटिंगा, असं चाललंय. मागच्या जूनमध्ये आमच्या हद्दीत जुलाब-उलटीची साथ आली, २३ पेशंट, दोन रात्री झोप नाही, सलाइनचे स्टँड पुरेनात म्हणून खिडकीच्या गजाला ओढणीनं बाटल्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी जिल्ह्यावरून एक डॉक्टर आले, माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, २३ कितीपैकी?" मला उत्तरच देता आलं नाही. ते रागावले वगैरे नाहीत पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. नंतर कळलं की ते एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे साथरोगतज्ज्ञ आहेत.

तर आता मला हेच शिकावं वाटायलंय. एमबीबीएस नसलं तर चालतं का? बारावीला गणित घेतलं नव्हतं, त्याचं काय? आणि नेमकं काय काय यावं लागतं? घरी आई म्हणते एमपीएससी दे नाहीतर दवाखाना टाक, मामा म्हणतात कोरोना गेला, आता त्या साथवाल्यांना कोण विचारतंय.

छेदाखाली
ताई, त्या डॉक्टरांनी तुम्हाला अर्धा सिलॅबस फुकटात सांगितला. मी या कामात ११ वर्षं आहे, आधी डेटा मॅनेजर होतो, मग एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं. २३ हा नुसता अंश झाला, छेद, म्हणजे एकूण लोकं किती, तो कुठाय? छेद नाही तोवर तो आकडा बातमीत टाकायच्या कामाचा, बाकी काही नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, भगर. दरवर्षी एकादशी, शिवरात्र, नवरात्र आलं की कुठं ना कुठं भगरीतून विषबाधा ठरलेली. समजा सप्ताहाची पंगत उठली आणि रात्री लोकं ओकायला लागले. दवाखान्यात गेलात तर आजारी पडलेले ९२ जण भेटतील आणि त्यातले जवळजवळ सगळेच म्हणतील भगर खाल्ली. पण पंगतीत भगर सगळ्यांनीच खाल्ली असंल की, मग त्यानं काय सिद्ध झालं? म्हणून जे धडधाकट घरी बसलेत त्यांच्याकडं जायचं, आणि नवीन लोकं इथंच कंटाळा करतात. समजा २०० जणांना विचारलं. भगर खाल्लेले १५०, त्यातले ९० आजारी, म्हणजे १०० मागं ६०. न खाल्लेले ५०, त्यातले २ आजारी, म्हणजे १०० मागं ४. साठ भागिले चार, पंधरा पट. झालं तुमचं गणित, सातवीतल्या पोराला येतं ते. पण पुढं गंमत आहे, भगरीसोबत शेंगदाण्याची आमटीही असतेच, मग दोषी कोण? तर ज्यांनी नुसती आमटी पिली ते शोधा आणि ज्यांनी भगर दह्याबरोबर खाल्ली ते शोधा. मग भगर आणली कुठून, आख्खी होती का दळून ठेवलेलं पीठ होतं, कारण पीठ ओल धरतं आणि बुरशी चढते. नमुना लॅबला जातो पण रिपोर्टला वेळ लागतो, तोवर दुकानातलं पोतं थांबवायचं का नाही हे तुमच्या या चार आकड्यांवर (खाल्लेले-न खाल्लेले, आजारी-धडधाकट) ठरतं.

१८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचं हँडल काढायला लावलं हे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्याच ब्रॉड स्ट्रीटवर बिअरचा कारखाना होता, सत्तरेक कामगार, कॉलऱ्यानं एकही मेला नाही. स्नो तिथंही गेले, मालकाला विचारलं, तर कामगारांना बिअर फुकट मिळायची आणि पंपाचं पाणी ते पीत नव्हते. म्हणजे जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडं तो माणूस मुद्दाम गेला.

एमबीबीएसचं म्हणाल तर एमपीएचला बीएएमएस, बीडीएस, नर्सिंगवाले खूप असतात. चेन्नईला आयसीएमआरची एनआयई (राष्ट्रीय साथरोग संस्था) आहे, मुंबईला टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सोशल एपिडेमिऑलॉजी, पुणे विद्यापीठातही एमपीएच आहे, तिरुअनंतपुरमला श्री चित्रा संस्था. पात्रता दरसाल ज्याची त्याची वाचा, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका. दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) इंडिया ईआयएस, म्हणजे साथीच्या तपासाचं प्रशिक्षण, २०१२ ला सुरू झालेला, दोन वर्षांचा, तो मात्र मुख्यतः एमबीबीएस करून पुढं शिकलेल्यांसाठी, त्यावर आशा ठेवून बसू नका.

पगार_कधी
सगळे गोड गोड सांगायलेत तर मी कडू सांगतो. एमपीएच करून दोन ठिकाणी काम केलं, दोन्हीकडं ११ महिन्यांची ऑर्डर, दर वर्षी एक दिवसाचा ब्रेक आणि पगार तीन-तीन महिने लटकलेला. एका ठिकाणी तर साथीचा रिपोर्ट मी लिहिला आणि सही दुसऱ्याची. ताई आत्ता कंत्राटी आहात, पुढंही कंत्राटीच असाल, फक्त पदाचं नाव मोठं होईल. घरचं कर्ज असेल तर आधी हिशोब करा. फी, राहणं, दोन वर्षांचा बुडालेला पगार, सगळं धरून. काम वाईट नाही, ते मी म्हणत नाही. कामासाठीच तर अजून आहे.

छेदाखाली
@पगार_कधी खोटं नाही तुमचं. सहीचं माझ्याही बाबतीत झालंय. म्हणून मी म्हणतो की नुसतं जिल्हा पातळीवर अडकू नका, सर्वेक्षणात, संशोधन प्रकल्पात, मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागात, एनजीओत पण हेच स्किल लागतं.

लातूरचा_पुण्यात
मी स्टॅटिस्टिक्सवाला, डॉक्टर नाही, गेली काही वर्षं एपिडेमिऑलॉजीच्या टीममध्ये आकडे बघतो. गणिताची भीती काढून टाका. रोजच्या कामात टक्केवारी, दर, गुणोत्तर आणि अंदाज किती डळमळीत आहे हे सांगता येणं, एवढंच ८० टक्के वेळा लागतं. बाकी आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. एपी इन्फो पण फुकटातलंच, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं साथीच्या तपासासाठीच बनवलेलं. नकाशाला क्यूजीआयएस. एनआयईचे एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स आहेत, शिकायला पैसे लागत नाहीत, रात्री मोबाइलवर बघता येतात.

पण खरं सांगू का, आमच्याकडं आर येणारे ढीगभर येतात. ज्याला एक्सेलमध्ये स्वच्छ लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक पेशंट अशी यादी, करता येते तो सापडत नाही. एका रकान्यात "३ वर्षे", खाली "3", त्याच्या खाली "तीन", तारीख कधी दिवस आधी कधी महिना आधी, गावाचं नाव चार प्रकारे. लक्षणं कधी सुरू झाली ती तारीखच नाही, दवाखान्यात आली तीच तारीख टाकलेली, मग साथीचा आलेख काढायचा कशावर? ताई तुम्ही आत्ता लक्षणांवरून आजार नोंदवायचा जो एस फॉर्म भरून घेता तोच नीट भरायला लागा, हीच प्रॅक्टिस. आणि इंग्रजीत एक पानाचा रिपोर्ट लिहायला शिका, फाडफाड बोलता नाही आलं तरी चालतंय.

मामांना माझ्याकडून सांगा की हा विषय कोरोनापुरता नाही. २०१९ ला बीडमध्ये ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं, ८२ हजारांच्या वर बायकांना विचारलं, १३ हजारांच्या वर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहापैकी एक. त्याच्या आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात १५ ते ४९ वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. कुठला जंतू नाही, कुठला ताप नाही, तरी हे आमचंच काम. आता लगेच "पाच पट" म्हणून ओरडायचं नाही, दोन्हीकडची वयं सारखी आहेत का ते आधी बघायचं, पण वयाचा हिशोब धरूनही काही उरतंय का हे विचारणं, तीच तर नोकरी.

रिटायर_आरोग्यसहाय्यक
पोरी, मी ३४ वर्षं वाडी-तांडे फिरलो. कॉम्प्युटर मला येत नाही. एक सांगतो, फॉर्म हातात घेऊन दारात उभं राहिलं की माणूस खोटं बोलतो. ओटी टेस्टचं (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) विचारलं की पाणीवाला म्हणणार टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज टाकतो, आणि पोतं बघावं तर तोंड शिवलेलं. म्हणून आधी बसायचं, पाणी मागून प्यायचं, कुठून भरलं ते त्याच्याच तोंडून येतं. टँकर आला की विहिरीत सोडतेत, तिथं दोर कुणाचा, बादली कुणाची, हे बाया सांगतात, सरपंच सांगत नाही. तुला बाया बोलतील, आम्हाला बोलत नव्हत्या.

जिंतूरची_सीएचओ
सगळ्यांना खूप धन्यवाद. पगार_कधी सर, हिशोब आज नवऱ्यासोबत बसून केला, या वर्षी एमपीएच शक्य नाही, पुढच्या वर्षी बघू, तोवर एनपीटीईएलचा कोर्स करते.

आणि एक गोष्ट केली. जूनची यादी परत काढली आणि पोलिओच्या घरभेटीच्या रजिस्टरवरून लोकसंख्या मोजली. २३ पैकी १९ तांड्यावरचे होते, तांडा १४० चा. उरलेले ४ गावातले, गाव ९०० चं. म्हणजे तांड्यावर १०० मागं जवळपास १४ आणि गावात हजारामागं ४-५. तेव्हा आम्ही टीसीएल गावातल्या टाकीत टाकत बसलो होतो! तांड्याला पाणी टँकरचं होतं त्या महिन्यात. हे तेव्हा दिसलं असतं तर, जाऊ द्या.

छेदाखाली
बघा, कोर्स सुरू व्हायच्या आधीच पहिला अटॅक रेट (शंभरामागं किती आजारी) काढलात. आता तांड्यावरच्या ज्या १२१ जणांना काही झालं नाही त्यांच्याकडं जा. जूनला ते पाणी कुठून भरत होते, उकळत होते का, कुणाकडं शेतातला बोअर होता. वर्ष होत आलंय, निम्मं विसरले असतील, तरी लिहून घ्या.

जिंतूरची_सीएचओ
गुरुवारी लसीकरणाला तिकडंच जायचंय. वही घेऊन जाते, फॉर्म नाही.