ऑस्ट्रेलियातील ऊन आणि अंतरे : आपले प्रवासानुभव

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक, आणि लोकसंख्या मात्र महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या सर्वत्र मिळतात; येथे आपण त्या देशातील उन्हाशी आणि अंतरांशी आलेला आपला संबंध लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो; तारांकनानंतरचे अनुभव इतरांचे आहेत.

आम्ही ॲडलेडहून मोटारीने उत्तरेकडे निघालो. ग्लेंडॅम्बो मागे पडल्यावर कूबर पीडी येईपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पेट्रोल मिळाले नाही. वाटेत ना गाव, ना टपरी, फक्त तांबूस माळ आणि क्षितिजाला टेकलेला सरळ रस्ता. पुणे ते कोल्हापूर एवढ्या अंतरात चहाला कोठे थांबावे, हा प्रश्नच पडला नाही, याचे मला अजून नवल वाटते. ओपल खडे काढणाऱ्या कूबर पीडीत उन्हाळ्याचा पारा चाळिशीपार जातो, म्हणून अनेक घरे टेकडीच्या पोटात कोरलेली आहेत. अशाच एका खोलीत आम्ही राहिलो आणि पंख्याशिवाय शांत झोपलो.

*

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुलाकडे मेलबर्नला गेलो होतो. जानेवारीतील एका दिवशी ग्रेट ओशन रोडवर तापमान अवघे २४ अंश होते आणि गार वारा सुटला होता, त्यामुळे सूनबाईंनी दिलेली टोपी मी गाडीतच ठेवली. सोलापूरच्या उन्हात आयुष्य गेल्यावर हे ऊन आपल्याला काय करणार, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी मान व हात लाल होऊन चुरचुरू लागले. तेव्हा कळले की उष्णता आणि अतिनील किरण या वेगळ्या गोष्टी आहेत. दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेथील हवाही स्वच्छ असते, त्यामुळे गार दिवशीही त्वचा भाजते. या किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर अंग झाकावे, असे तेथे सर्वांना सांगितले जाते. नातवाच्या शाळेत तर टोपी नसलेल्या मुलाला उन्हात खेळू देत नाहीत. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक आहे, हे समजल्यावर नातवाची ती शिस्त मला फार मोलाची वाटली.

*

उलुरूला आम्ही २०१७ मध्ये गेलो, तेव्हा ३४८ मीटर उंचीच्या त्या खडकावर साखळी धरून लोक चढत होते. चढू नये, अशी विनंती करणारा तेथील मूळनिवासी अनंगू समाजाचा फलक तेथेच लावलेला होता. माझ्या मुलांना वर जायचे होते, पण आम्ही पहाटे निघून पायथ्याची सुमारे १० किलोमीटरची फेरी प्रदक्षिणेसारखी पूर्ण केली. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

*

आमचे वडील सांगलीकडचे शेतकरी. त्यांना दिशा विचाराव्या लागत नाहीत. मार्चमध्ये ॲलिस स्प्रिंग्जला मात्र ते भर दुपारी गोंधळले, कारण सूर्य उत्तरेला होता आणि सावल्या दक्षिणेकडे पडल्या होत्या. रात्री गावाबाहेर गेलो, तर मृग नक्षत्र उलटे आणि व्याध त्याच्याही वर. आपल्याकडे दक्षिण क्षितिजापासून फार वर न येणारा अगस्तीचा तारा तेथे आभाळात उंच तळपत होता. त्रिशंकू हा तारकासमूहही ठळक दिसत होता. ध्रुव कोठे आहे, असे वडिलांनी विचारले. येथून तो दिसत नाही, असे सांगितल्यावर ते बराच वेळ उत्तरेकडे पाहत उभे राहिले.