चौथ्याला मागे ठेवून आम्ही पॅरिसला रग्बीची मॅच बघायला गेलो. चुकलं का?

सातरस्ता_विंगर

२०२३ पासून मनात अडकून बसलेली गोष्ट मांडतोय. जे वाटेल ते सरळ लिहा, मला वाईट वाटेल म्हणून हात राखू नका.

आम्ही चार मित्र, चौघंही सोलापूरचे. पुण्यात कॉलेजला असताना रग्बीचं वेड लागलं, कारण आमच्यातला एक जण कॉलेजच्या टीमकडून खेळायचा. त्याच्या मॅचना जाऊन जाऊन आम्ही तिघं नियम शिकलो. चेंडू पुढे न्यायचा पण हाताने पास द्यायचा तो मागेच, हे डोक्यात बसायलाच एक सीझन गेला. नोकऱ्या लागल्यावर महिन्याला प्रत्येकी ५,००० रुपयांची भिशी सुरू केली. नाव भिशी, पण ती कुणी उचलायची नव्हती, साठवायची होती. ३३ महिन्यांत प्रत्येकाचे १,६५,००० झाले.

बेत असा होता: फ्रान्समधला वर्ल्ड कप, २३ सप्टेंबरची आयर्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका मॅच, पॅरिसला लागून असलेल्या सेंट डेनिसच्या स्टाद द फ्रान्सवर. तेव्हा आयर्लंड जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि आफ्रिका आधीच्या वर्ल्ड कपची विजेती. पाठीवर एकेक सॅक, हॉस्टेलच्या खोलीत वर-खाली बंक, जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत म्हणून आईची खव्याची पोळी तेवढी घरी राहिली.

निघायच्या आठ दिवस आधी त्या खेळणाऱ्या मित्राच्या वडिलांना लकवा मारला. घरात तो एकटाच मुलगा. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "जा बे तुम्ही. चौघांचे पैसे कशाला पाण्यात घालता?" आम्ही गेलो. त्याचं मॅचचं तिकीट अधिकृत साइटवर परत विकलं, विमानाच्या तिकिटात बुडालेले पैसे तिघांनी मिळून त्याला भरून दिले. हिशेबात कुठे कमी पडलो नाही. गणपती बसले त्याच रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये चढलो.

मॅच कशी झाली ते लिहायला बसलो तर रात्र जाईल. रग्बीत दोन्ही बाजूंचे लोक मिसळून बसतात, मध्ये जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. त्याच्या खुर्चीवर आयर्लंडचे सत्तरीचे एक गृहस्थ आले. आयर्लंड १३-८ ने जिंकली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी संध्याकाळ, आणि ऐंशी मिनिटं शेजारच्या खुर्चीकडे बघताना छातीत काहीतरी दुखत होतं.

परत आल्यावर त्याच्याशी मॅचबद्दल बोललोच नाही. त्याला लागेल म्हणून फोटोसुद्धा ग्रुपवर टाकले नाहीत. आता २०२७ चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर, पहिल्यांदाच २४ संघ. परवा पार्क चौकात चहाला बसलो असताना भिशी पुन्हा सुरू करायचा विषय निघाला आणि तो गप्प झाला. तेव्हापासून वाटतंय की आम्ही जायलाच नको होतं.

मंगळवेढ्याची_ज्वारी

नकोच होतं. तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना असाच झटका आला होता. पहिले पंधरा दिवस घरच्यांना काय लागतं ते सांगते. कूस बदलायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री औषध आणायला एक जण खाली पळतो तेव्हा पेशंटजवळ एक जण लागतो. फिजिओथेरपी लवकर सुरू करायची म्हणून कुणीतरी डॉक्टरांच्या मागे लागावं लागतं. आणि घरी आई एकटी असते, तिला जेवलीस का विचारायला कुणी नसतं. या सगळ्यात पैशाचा नंबर शेवटचा.

तो "जा" म्हणाला. अशा वेळी आपल्याकडे कुणीही "जा" च म्हणतो, "थांबा" म्हणायची जीभ होत नाही. तो होकार नव्हता, ती भीड होती. तिघांतल्या एकाने जरी सॅक खाली ठेवली असती तरी मी वेगळं लिहिलं असतं.

होटगीरोड_पहाटे

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

आपल्याकडे कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात. मी नऊ वेळा गेलोय, पंचेचाळीस किलोमीटर. दर वर्षी तामलवाडीच्या आसपास कुणाचे तरी पाय फोडांनी भरतात आणि तो रस्त्याच्या कडेला बसून म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. आम्ही त्याला पाणी देतो, गाडीत बसवून देतो आणि चालू लागतो. त्याच्या नावाने देवीपुढे हात जोडतो. सगळा जथा तिथेच बसून राहिला तर त्याचा त्रास कमी होत नाही, उलट सगळ्यांची वारी बुडाल्याचं ओझं त्याच्या डोक्यावर बसतं.

तीन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेली गोष्ट माझ्यामुळे तिघांची गेली, हे त्या मुलाला जन्मभर वाहावं लागलं असतं. तुम्ही ते ओझं त्याच्यावर टाकलं नाहीत. माझ्या दृष्टीने तुम्ही योग्य केलंत.

मंगळवेढ्याची_ज्वारी

पायाला फोड येणं आणि बाप अंथरुणाला खिळणं यांची तुलना करू नका. फोड आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो.

अक्कलकोट_रोड_मिल

मला मूळ मुद्द्याआधी एक विचारायचंय. १,६५,००० रुपये, तेही जो खेळ सोलापुरात कुणी खेळत नाही त्याची एक मॅच बघायला? आमच्या भागात चार-चार दिवस पाणी येत नाही, यंत्रमाग भंगारात चाललेत, पोरं कामासाठी पुण्याला पळतायत. मित्राचा प्रश्न नंतरचा, हा खर्चच चुकीचा. परक्यांचा खेळ घरी टीव्हीवर बघता येतो.

होटगीरोड_पहाटे

कष्टाचे पैसे आहेत, कर्ज काढलेलं नाही. हेच क्रिकेटसाठी लॉर्ड्सला गेले असते तर तुम्ही कौतुक केलं असतं.

आणि परका म्हणाल तर एक सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या चषकासाठी रग्बी खेळतात त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब (नाव फुटबॉल, खेळायचे रग्बी) बंद करायची वेळ आली तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि १८७८ मध्ये त्यांचा चषक घडवून घेतला. मुठींना नाग आहेत, झाकणावर हत्ती. खेळणारे तेव्हा गोरेच होते, मान्य. पण त्यात गेलेली चांदी आणि घडवणारे हात इथलेच होते.

पार्क_मैदान_पीटी

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पोरांना टच रग्बी खेळवतो, त्यात टॅकल, म्हणजे धरून पाडणं, नसतं, नुसता हात लावायचा. त्यामुळे सोलापुरात कुणी खेळत नाही हे बरोबर नाही. माझ्याकडे तीन चेंडू आणि वीस-बावीस पोरं आहेत. कबड्डी खेळलेल्या पोराला पळत्याला हात लावायला शिकवावं लागत नाही, पास मागे द्यायला मात्र महिना लागतो.

मूळ प्रश्नावर मी ताईंच्या बाजूने आहे, आणि कारण खेळातलंच देतो. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना हाताने घट्ट बांधून रेटतात. पुढच्या तिघांवर मागच्या पाचांचं वजन असतं. मधल्या एकाची पकड सुटली की जोर वाकडा जातो, स्क्रम कोसळतो आणि मानेला दुखापत होऊ शकते. म्हणून मी पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगतो, शेजाऱ्याची पकड सोडायची नाही. तुम्ही तिघं हा खेळ शिकलात कुणामुळे? त्याच्यामुळे. आणि पकड सोडलीत त्याचीच.

बाळीवेस_१४

सर, खेळातलंच उदाहरण द्यायचं तर त्याच वर्ल्ड कपची फायनल आठवा. २८ ऑक्टोबर, तेच मैदान. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्ध्यात बाहेर गेला, पिवळ्या कार्डाचं लाल झालं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं ते पहिलं लाल कार्ड. उरलेल्या १४ जणांनी काय केलं? खेळले. दुसऱ्या अर्ध्यात ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला, ११-१२ असे एका गुणाने हरले. कर्णधार कडेला खुर्चीवर बसून बघत होता. आम्ही पण थांबतो असं कुणी म्हणालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं का?

मूळ लेखकाची चूक मला जाण्यात दिसत नाही. आल्यावर तोंड मिटून बसले, ती मला खटकली.

पार्क_मैदान_पीटी

ते १४ जण मैदान सोडून जाऊ शकत नव्हते. या तिघांना थांबता येत होतं. फरक तेवढाच आहे आणि तो मोठा आहे.

गड्डा_मैदान_आठ_नंबर

मी तो चौथा. लिंक मला तिघांतल्याच एकाने पाठवली. सगळं दोनदा वाचलं.

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. कूस बदलण्याचं तर अगदी तसंच. हे तिघं निघाल्यावर तिसऱ्या रात्री अण्णांना ताप चढला, मी खाली मेडिकलवर गेलो आणि रांगेत उभं असताना मला रडू आलं. त्या रात्री या तिघांतलं कुणी हवं होतं. हे मी यांना आजवर बोललो नव्हतो.

पण माझं "जा" भिडेचं नव्हतं. ती भिशी माझी कल्पना होती. आयर्लंड-आफ्रिका मॅच मी निवडली होती. चौघंही राहिलो असतो तर ती मॅच आमच्यातल्या कुणीच बघितली नसती, आणि ते मला सहन झालं नसतं.

राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. अण्णांना झोप नव्हती. त्यांच्या उशीशी फोन उभा केला आणि आम्ही दोघांनी पूर्ण ऐंशी मिनिटं बघितली. त्यांना तेव्हा बोलता येत नव्हतं. हाफटाइमला आयर्लंड ७-३ ने पुढे. मग कोल्बेने कोपऱ्यात ट्राय केला आणि आफ्रिका एका गुणाने वर आली. पण त्यांच्या लिबॉक आणि डी क्लर्कच्या किक चुकत गेल्या, ११ गुण हातचे गेले. प्रत्येक चुकलेल्या किकला अण्णांच्या भुवया वर जायच्या. झटका आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. पहाटे अडीचला मी तुम्हाला मेसेज केला, "बघितली." तुम्ही नुसता अंगठा पाठवलात.

आल्यावर तुम्ही हॉस्टेलची खोली, मेट्रो, पाऊस सगळं सांगितलंत. मॅच सोडून. मी वाट बघत होतो. मला लागेल म्हणून तुम्ही ती लपवलीत आणि मी कुठे बसून बघितली हे कुणी विचारलं नाही. तुमच्या छातीत दुखत होतं हे मला आज, सगळ्या जगाबरोबर कळतंय.

ऑस्ट्रेलियाबद्दल गप्प बसलो, कारण अण्णा आता काठी घेऊन चालतात, पण दोन आठवडे त्यांना आईवर टाकून मी जाणार नाही. हे सांगितलं की तुम्ही भिशी बंद कराल, अशी भीती वाटली.

मंगळवेढ्याची_ज्वारी

भाऊ, तुमचं वाचून डोळे भरले. "जा" भिडेचं होतं असं मी लिहिलं, तेवढं मागे घेते. एकाने थांबायला हवं होतं, हे मागे घेत नाही. तिसऱ्या रात्रीचं तुम्हीच लिहिलंत.

अक्कलकोट_रोड_मिल

पैशाबद्दलचं माझं मत तेच आहे. अण्णांना मात्र नमस्कार सांगा.

सातरस्ता_विंगर

काय लिहू कळत नाही. तिसऱ्या रात्री आम्ही विमानतळावर सॅक उशाला घेऊन झोपलो होतो.

त्या अंगठ्याचं सांगतो. तुझा मेसेज आला तेव्हा आम्ही स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत होतो. तिघांनी मिळून एक मोठं उत्तर लिहिलं, मग वाटलं, दवाखान्यात बसलेल्या माणसाला हे कसं पाठवायचं, आणि पुसून टाकलं. ते चुकलं.

आता मॅच. आमच्या जागा वर कोपऱ्यात होत्या, कोल्बेचा ट्राय झाला तोच कोपरा खाली दिसत होता. त्याने झेप घेतली तेव्हा तुझ्या खुर्चीवरचे आजोबा हातांनी चेहरा झाकून बसले. मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही जागा माझ्या मित्राची आहे आणि तो आठ नंबरला खेळायचा. मग पुढची सगळी मॅच ते मला समजावून सांगत राहिले, आफ्रिकेने बदलीच्या आठांत सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे, का ठेवलेत, दमलेल्या आयरिश फळीला शेवटी कसं रेटणार, सगळं. सोलापूरचा एक नॅपकिन सॅकमध्ये होता, तो त्यांना दिला.

पण शेवट आम्हाला दिसलाच नाही. आफ्रिकेने लाइनआउट घेतला (बाहेरून आत फेकलेला चेंडू उडी मारून पकडतात तो), मॉल बांधला, म्हणजे चेंडूवाल्याला सगळ्यांनी उभ्यानेच धरून पुढे रेटायला घेतलं, आणि आमच्या पुढची सगळी माणसं उभी राहिली. नुसता आवाज. आजोबांनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला, त्यावरून कळलं की आयर्लंड जिंकली. तो मॉल नक्की थांबला कसा, हे आम्हा तिघांना आजही माहीत नाही.

गड्डा_मैदान_आठ_नंबर

खरंच दिसलं नाही तुम्हाला? मी तो तुकडा अण्णांना चार वेळा लावून दाखवला होता. आयर्लंडचे सगळे चेंडूवाल्याभोवती उभ्यानेच घुसले आणि त्याला खाली येऊच दिलं नाही, मॉल जिथल्या तिथे अडकला.

रविवारी संध्याकाळी घरी या. अण्णा जागे असतात. आता बऱ्यापैकी बोलतात, लिबॉकचं नाव काढलं की अजून चिडतात. आणि भिशीचे ५,००० आणा, माझे मी काढून ठेवलेत. माझा वाटा पीटी सरांच्या पोरांच्या चेंडूंना जाईल. सर, नंबर पाठवा.